हरवलेल्या चित्रपटाच्या शोधाची भयकथा कोकणात कशी रचावी : नव्या लेखकांसाठी मार्गदर्शन

हरवलेल्या आणि शापित समजल्या जाणाऱ्या चित्रपटाच्या शोधावर भयकथा लिहू पाहणारा नवा लेखक बहुधा शेवटच्या प्रसंगापासून विचार करू लागतो : अंधारी खोली, फिरणारा प्रोजेक्टर, पडद्यावरून आपल्याकडेच पाहणारा चेहरा आणि सकाळी सापडलेले प्रेत. हा प्रसंग कुठल्याही मुलखात घडू शकतो, आणि म्हणूनच तो वाचकाच्या मनात राहत नाही. कथा देवगड-विजयदुर्गच्या पट्ट्यात घडवायची असेल, तर तिथला समुद्र, तिथला पावसाळा, देवस्थानाची रीत आणि सामाईक घरांचे तंटे यांनीच कथानक पुढे नेले पाहिजे. माड आणि कौलारू छप्पर एवढ्याने कोकण उभे राहत नाही. पुढील पायऱ्या एकच नमुना-कथानक हाताशी धरून समजावल्या आहेत. ते कथानक कोणीही घ्यावे, मोडावे, बदलावे. पायऱ्यांचा क्रम मात्र शक्यतो पाळावा, कारण लेखकाने ज्या गोष्टी आधी ठरवायच्या असतात, त्याच वाचकाला सर्वांत शेवटी कळायच्या असतात.

पहिली पायरी : शापाचा हिशेब मांडावा

शाप कोणी दिला, यापेक्षा कोणाचे काय देणे राहिले, हा प्रश्न लेखकाने स्वतःला आधी विचारावा. दक्षिण कोकणातील गावाचे वर्ष देवाच्या परवानगीने चालते. पेरणी, जत्रा, पालखी, घराचा पाया, मुलाचे लग्न यांपैकी बहुतेक गोष्टींना कौल लावला जातो. मालवण तालुक्यातील आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगातील ठरावीक तिथीवर अवलंबून नसते, ती देवीच्या कौलाने ठरते, आणि तरीही मुंबईचे चाकरमानी त्या तारखेची वाट पाहून रजा टाकतात. मानकऱ्यांचे मान ठरलेले असतात, नवस बोलला तर तो फेडावा लागतो, आणि शेताच्या बांधावरील राखणदारालाही वर्षाचे त्याचे त्याला पोहोचवावे लागते. अशा गावात विनाकारण चिडलेला आत्मा उपरा वाटतो. इथला अलौकिक व्यवहार जवळजवळ महसुली दफ्तरासारखा असतो, आणि थकबाकी हेच त्यातील भयाचे मूळ असते.

आता नमुना-कथानकाचा गाभा पाहू. गाऱ्हाणे घालण्याची पद्धत अनेकांनी पाहिलेली असते. गुरव किंवा मानकरी देवासमोर उभा राहून गावाच्या वतीने लांबलचक मागणे बोलतो, आणि तो जिथे जिथे थांबतो तिथे तिथे जमलेली माणसे एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. हा होकार सवयीने दिला जातो. प्रत्येक शब्द ऐकून, तोलून कोणी तो देत नाही. समजा, १९२६ साली एका छोट्या चित्रपट कंपनीने या भागात येऊन एक पौराणिक मूकपट चित्रित केला, आणि त्यात गावच्याच माणसाकडून देवळाच्या आवारात गाऱ्हाण्याचे दृश्य करवून घेतले. कौल न लावता, देवाला न विचारता. त्या माणसाने कॅमेऱ्यासमोर नक्की काय मागितले, हे कोणालाच ठाऊक नाही, कारण चित्रपट मुका आहे. पण गावात तो दाखवला गेला तेव्हा पडद्यावरचे ओठ थांबताच तंबूतील माणसांनी सवयीने होकार दिला. न ऐकलेल्या मागणीला सगळ्यांनी दिलेली ही संमतीच कथेतील शाप आहे.

एवढे ठरल्यावर लेखकाने ही मागणी काय होती ते स्वतःपुरते एका कागदावर लिहून ठेवावे आणि कथेत कुठेही सांगू नये. लेखकालाच ती ठाऊक नसेल तर कथा मध्यावर आल्यावर भरकटते, आणि मग मांत्रिक, काळे मांजर, विहिरीतील हडळ अशी भरती सुरू होते.

दुसरी पायरी : फितीचा देह समजून घ्यावा

या प्रकारच्या कथेला फार मोठे वरदान आहे, ते म्हणजे जुन्या फितीचे रसायन. साधारण १९५० सालापर्यंत ३५ मिलिमीटरची व्यावसायिक फीत सेल्युलोज नायट्रेटची असे. हा पदार्थ जळताना स्वतःच प्राणवायू सोडतो, त्यामुळे पेटलेले रीळ पाण्यात बुडवले तरी विझत नाही. कुजलेल्या फितीचे मोठे साठे सुमारे ४१ अंश सेल्सिअस तापमानात दीर्घकाळ राहिले तर आपोआप पेटू शकतात. वैशाखातील पत्र्याखालचा माळा आठवून पाहावा.

कुजण्याच्या पायऱ्याही ठरलेल्या असतात, आणि त्या कथेच्या पायऱ्या म्हणून जशाच्या तशा वापरता येतात. प्रथम चित्र फिकट होते, फीत पिवळसर-तपकिरी होते आणि तीव्र, नाकाला झोंबणारा आम्लाचा वास येतो. नंतर ती चिकट होऊन थर एकमेकांना धरतात. पुढे फेस आणि फुगे येतात, मग सगळे रीळ एकच गठ्ठा होते, आणि अखेरीस डब्यात तपकिरी भुकटी उरते. दमट हवा हे सगळे वेगाने घडवते, आणि कोकणात दमट हवेचा तोटा नसतो. यावरून एक नियम निघतो. १९२६ ची फीत शंभर वर्षे कोकणातील माळ्यावर राहून स्वच्छ निघाली, असे लेखकाने सहज म्हणून लिहू नये. ती स्वच्छ निघाली असेल, तर तोच कथेतील पहिला अनैसर्गिक प्रसंग आहे, आणि तो ओळखणारे पात्र कथेत हवे. माळ्यावरचे बाकी सगळे कुजलेले आणि फीत मात्र कालच धुतल्यासारखी, एवढ्या एका निरीक्षणाने जाणत्या वाचकाच्या अंगावर काटा येतो. एक सूचना : व्हिनेगरसारखा वास नायट्रेटला येत नाही, तो नंतरच्या अॅसिटेट फितीचा. माहितगार पात्राने या दोन वासांत गल्लत केली तर कथा तिथेच विश्वास गमावते.

आगीपेक्षाही उपयोगी गोष्ट म्हणजे धूर. नायट्रेट जळताना नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे आणि कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतात, आणि त्यांतील काहींचा फुफ्फुसांवरील परिणाम काही तासांनंतर दिसतो. १५ मे १९२९ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये साठवलेल्या नायट्रेटच्या क्ष-किरण फिती पेटल्या आणि १२३ माणसे मेली. त्यांतील काही जण सुखरूप बाहेर पडले होते आणि नंतर दगावले. आता हे कोकणातील एका वाडीत आणून पाहा. माळ्यावरची आग विझवायला गेलेला माणूस हसत खाली येतो, खळ्यात बसून पेज पितो, रात्री खोकू लागतो आणि पहाटेपर्यंत जातो. गावाला यात बाधा दिसणार, डॉक्टरला वायू दिसणार, आणि दोघांच्याही म्हणण्यात खोट काढता येणार नाही. भयकथेला हीच जागा हवी असते. इथे लेखकाने कोणत्याही एका बाजूचा कौल देऊ नये.

तिसरी पायरी : चित्रपट हरवण्याचे कारण इतिहासातून घ्यावे

चित्रपट का हरवला, याचे गूढ उत्तर शोधण्याची गरजच नाही, कारण खरे उत्तर पुरेसे अस्वस्थ करणारे आहे. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. त्यानंतरच्या मूकपटांच्या काळात भारतात सुमारे १,३०० मूकपट बनले, आणि त्यांतील तीसही आज धड उरलेले नाहीत. बोलपट आल्यावर मूकपटांना गिऱ्हाईक उरले नाही, आणि फितीतील चांदी काढण्यासाठी रिळे विकली गेली. दादासाहेब फाळक्यांची कामेही तुकड्यांनीच हाती आली. १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिक सिनेमात झळकलेला पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ आज उपलब्ध नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेटच्या साठ्याला आग लागली, तेव्हा तो जळाला असे अनेकांना वाटते. वास्तविक १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्याची प्रत कधी पोहोचलीच नव्हती. ही गैरसमजूत कथेसाठी सोन्यासारखी आहे. ‘आगीत गेला’ असे सगळे ज्याच्याविषयी सांगतात, तो चित्रपट मुळात त्या इमारतीत आलाच नव्हता, हे शोधणाऱ्याला नोंदवहीतून कळणे हा कथेच्या पहिल्या तृतीयांशाचा उत्तम शेवट होऊ शकतो.

बंदीचा धागा हवा असेल तर तोही आहे. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानंतर १९२० मध्ये मुंबईसह काही शहरांत परीक्षण मंडळे आली, आणि १९२१ च्या ‘भक्त विदुर’ मूकपटावर, त्यातील विदुर गांधीजींसारखा दिसतो म्हणून, मद्रास आणि सिंध भागांत बंदी आली. ब्रिटिश मुलखातील हा कायदा संस्थानांना आपोआप लागू होत नसे. देवगड आणि मालवण ब्रिटिश रत्नागिरी जिल्ह्यात आणि सावंतवाडी हे वेगळे संस्थान, हे ध्यानात घेतले की प्रमाणपत्र नसलेली एक प्रत सावंतवाडीच्या हद्दीतून रात्री बैलगाडीने इकडे आली, असा प्रसंग सुचायला वेळ लागत नाही. १९२७-२८ मध्ये टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट-व्यवसायाची चौकशी करणारी समिती बसली होती आणि तिच्यासमोरच्या साक्षी छापल्या गेल्या. शोधणाऱ्या पात्राला वाचायला लावण्यासाठी असे खरे दस्तऐवज निवडावेत. साक्षीतील वाक्य मात्र आपल्या मनाने रचून खऱ्या साक्षीदाराच्या तोंडी घालू नये.

पात्रनिवडीची एक सोय इथेच होते. फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटात तारामतीची भूमिका पुरुषाने केली होती, आणि कोकणातील दशावतारातही स्त्रीपार्टी पुरुषच रंगवतो. कंपनीने गावातील दशावतारी मंडळींनाच उभे केले, हे यामुळे पटण्यासारखे होते. कंपनीला खरे नाव देऊ नये, आणि खऱ्या कंपनीला शाप तर मुळीच चिकटवू नये.

चौथी पायरी : गाव, बोट आणि आगोट

गाव काल्पनिक घ्यावे, पण त्याच्या चारी दिशा खऱ्या असाव्यात. वाघोटन खाडीच्या दक्षिण तीरावरचे, सड्यावरून, म्हणजे कातळाच्या सपाट माथ्यावरून, उतरल्यावर एकदम दिसणारे, देवरहाटीच्या, म्हणजे देवासाठी राखलेल्या रानाच्या, कडेला वाडी असलेले गाव मनात धरले तर अंतरे, वाटा आणि भरती-ओहोटी यांची उत्तरे नकाशातून मिळतात. खऱ्या देवस्थानाला कथेत भीतीचे ठिकाण करू नये. लोकांच्या श्रद्धेचा मान राखणे हा त्यातला एक भाग झाला. शिवाय देव या कथेत दोषी नाही, दोष विचारल्याविना चित्रण करणाऱ्यांचा आहे, हे कथानक गावकऱ्यांनाही पटावे लागते.

प्रत गावातच का राहिली, याचे उत्तर पावसाळ्याने द्यावे. रस्ते तुटपुंजे असताना मुंबई ते वेंगुर्ले हा किनारा आगबोटींनी जोडलेला होता, आणि पावसाळ्यात लांब पल्ल्याच्या बोटी बंद असत. तंबू घेऊन आलेला खेळवाला वैशाखात विजयदुर्गला उतरतो, खेळ लावतो, गाव होकार देते, एक माणूस मरतो, खेळवाल्याची शेवटची बोट चुकते. आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या बेगमीची, लगबग सुरू असते. लाकूडफाटा, मीठ, सुकी मासळी घरात येते, पडव्यांना माडाच्या झावळ्यांचे झांपे लागतात, आणि या परक्या माणसाला चार महिने पोसणार कोण, हा प्रश्न उभा राहतो. एक घर त्याला आसरा देते, खर्चापोटी रिळे गहाण ठेवून घेते. गणपतीनंतर बोटी सुरू होतात, तेव्हा तो माणूस रिळे न सोडवता निघून जातो किंवा अजिबात निघतच नाही. दोन्ही शक्यता मोकळ्या ठेवाव्यात.

काळाच्या चुका टाळण्यासाठी थोडी माहिती हाताशी ठेवावी. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला, त्याआधीच्या कागदावर तो नसावा. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर १९९८ मध्ये सुरू झाली. वर्तमानकाळात डबे उजेडात येण्यासाठी निमित्त हवे असेल, तर मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळ घ्यावे. त्याने सिंधुदुर्गातील घरांची छपरे उडवली होती. ते दिवस करोनाच्या निर्बंधांचेही असल्याने मुंबईहून कोणी चटकन येऊ शकत नाही, आणि उघड्या पडलेल्या माळ्यावरचे सामान शेजारी आपल्या मांगरात, म्हणजे शेतावरच्या कोठारवजा घरात, नेऊन ठेवतात. कोणत्या शेजाऱ्याने कोणता डबा नेला, यातूनच पुढचा शोध निघतो.

पाचवी पायरी : शोध कागदातून चालवावा

या कथेचा निम्म्याहून अधिक भाग शोधाचा असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. वाचकाने डायरी, दस्त आणि पावत्या यांवर विश्वास ठेवला की तो पुढे पडद्यावर काहीही पाहायला तयार होतो.

शोधणारे पात्र भुतांच्या मागे लागणारे नसावे. आपल्या कथानकात पुण्यात चित्रपटांच्या नोंदी तयार करणारी एक स्त्री आहे. तिला रिळे हवी आहेत, कारण सूचीतील एक रकाना रिकामा आहे. असे कोरडे कारण भयकथेला चांगले. तिचा पहिला अडथळा अर्थातच भूत नव्हे, हिस्सेदार हा असतो. कोकणातील जुने घर बहुधा सामाईक असते. एक भाऊ डोंबिवलीत, एक विरारला, आत्या बडोद्यात, आणि सातबाऱ्यावर आजोबांच्या मृत्यूनंतर वारस नोंद झालेलीच नसते. माजघरामागची खोली उघडायची तर सगळ्यांची संमती लागते. तिने प्रत्येकाला फोन करून होकार मिळवणे हे पहिल्या वाचनात निव्वळ घरगुती, थोडे विनोदी प्रकरण वाटावे. दुसऱ्या वाचनात वाचकाच्या लक्षात यावे की तीही न सांगितलेल्या गोष्टीला माणसांचे होकार गोळा करत फिरत होती, आणि १९२६ च्या तंबूत घडले तेच ती पुन्हा घडवत आहे. हा धागा कथेतील कोणत्याही पात्राने बोलून दाखवू नये.

कागद कोणते, तर ज्यांत मोजमाप असते ते. जुनी वृत्तपत्रे, परीक्षण मंडळाच्या नोंदी, खेळाच्या जागेसाठी जिल्हा दंडाधिकाऱ्याने दिलेला परवाना, गहाणखत, देवस्थानाच्या खर्चाची वही, वाटणीच्या वेळी केलेली सामानाची यादी. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासूनचे आहे, तिथे पात्राला एक दिवस बसवता येईल. मात्र तिथे एखादे विशिष्ट अंकाचे बाड आहे असे लिहिण्याआधी लेखकाने स्वतः चौकशी करावी. नसेल तर ‘एका जुन्या वाचनालयात’ एवढे पुरते. कागद जसा हाती येतो तसा तो थोडा खराबही असावा. पण फाटलेला भाग नेमका महत्त्वाच्या शब्दावरच आला, ही युक्ती आता सोडून द्यावी.

प्रत्येक कागदाची शोधणारीला किंमत मोजावी लागली पाहिजे. ही किंमत रक्ताची असण्याची गरज नाही. एका म्हातारीने यादी दिली, पण त्याबदल्यात तिच्या घरच्या राखणदाराला नारळ ठेवण्याचे कबूल करून घेतले, आणि पुढे परतीची गाडी चुकू नये या घाईत ते राहून गेले, एवढे पुरे आहे.

सहावी पायरी : फुटांचा हिशेब

अलौकिक गोष्ट प्रथम आकड्यातून दिसावी, ही माझी आवडती युक्ती आहे. ३५ मिलिमीटरच्या फितीच्या एका फुटात १६ चौकटी, म्हणजे सुटी चित्रे, असतात. मूकपट सेकंदाला साधारण १६ चौकटींच्या वेगाने चालवला तर एक फूट म्हणजे बरोबर एक सेकंद. परीक्षण मंडळाच्या नोंदीत आपल्या चित्रपटाची लांबी ३,६२० फूट आहे, म्हणजे तो साधारण तासाभराचा आहे आणि एक हजार फुटांच्या चार डब्यांत मावतो. गहाणखतात लांबी ३,६६२ फूट लिहिली आहे. त्यानंतरच्या यादीत ३,७०४. शोधणारी हा फरक कारकुनाच्या चुकीत जमा करते, आणि वाचकही करतो. पुढच्या कागदात पुन्हा बेचाळीस फूट वाढलेले दिसतात.

या शापाने जो मरतो, त्याच्या बेचाळीस सेकंदांची चित्रपटात भर पडते. हे वाक्य कथेत लिहायचे नाही. त्याऐवजी गावातील माणसांना डबे आठवू द्यावेत. म्हाताऱ्यांच्या आठवणीत डबे चार आहेत, यादीत चार आहेत, आणि वादळानंतर मांगरात मोजले तर पाच निघतात. नऊ माणसांपर्यंत लांबी ३,९९८ फूट होते, चार डबे कसेबसे पुरतात. दहाव्या माणसानंतर ४,०४० होते आणि पाचवा डबा लागतो. ज्याला हिशेब करायचा आहे तो वाचक कागद घेऊन करील, ज्याला नाही त्याला पाचवा डबा पुरेसा आहे. आकडे लेखकाने वेगळ्या तक्त्यात मांडून तपासावेत, कारण या प्रकारच्या वाचकांत हिशेब पडताळणारे नेहमीच असतात आणि एक बेरीज चुकली की सगळा शाप निकालात निघतो.

सातवी पायरी : दर्शनाचा प्रसंग

आकसलेली जुनी फीत प्रोजेक्टरवर चढवली तर तिची छिद्रे फाटतात आणि दिव्याच्या उष्णतेने ती पेटू शकते. जाणकार व्यक्ती तसे करणार नाही. ही अडचण समजून तिचा फायदा घ्यावा. आपली शोधणारी पाचवा डबा पडवीत दिवसाउजेडी उघडते, हातमोजे घालते आणि भिंगाखाली, खिडकीतील उजेडावर धरून, एकेक चौकट पाहते. बेचाळीस फुटांत ६७२ चौकटी असतात. प्रोजेक्टरवर बेचाळीस सेकंदांत संपले असते, ते पाहायला तिला सकाळ जाते. गाऱ्हाणे घालणाऱ्यासमोरच्या रांगेत एक माणूस उभा आहे. त्याचे तोंड मिटलेले आहे, पुढच्या चौकटीत किंचित उघडले आहे, त्यापुढच्यात आणखी. इथे लेखकाने घाई करू नये. वाक्ये लांब करावीत, मध्येच बाहेरून कोणीतरी चहा विचारावा, माशी बसावी, ऊन सरकावे. त्या माणसाचा सदरा १९२६ चा नाही, एवढे तिला कळले की थांबावे.

मग ती ओठ वाचण्याचा प्रयत्न करते. टिपण म्हणून फोनवर आवाज मुद्रित करत, एकेक शब्द मोठ्याने जुळवत जाते : ‘बा देवा म्हाराजा…’ वाचकाला तिचे पुढचे शब्द ऐकू येऊ नयेत, लेखकाने तेवढ्यात खळ्यात नारळ सोलणाऱ्या म्हाताऱ्याकडे वळावे. आत कोणीतरी गाऱ्हाणे घालते आहे एवढेच त्याच्या कानी पडते, आणि ती श्वास घ्यायला थांबते तेव्हा तो हातातले काम न थांबवता, मान खाली घालूनच, ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो.

या प्रसंगात किंकाळी, वाऱ्याने आपटणारे दार किंवा विझणारा दिवा यांपैकी काहीही घालू नये.

आठवी पायरी : बोली आणि माणसे

देवगड-मालवणकडची माणसे मालवणी बोलतात. रत्नागिरी-संगमेश्वरकडची बोली वेगळी, रायगडातील आगरी आणखी वेगळी. सगळ्यांना एकच ‘कोकणी माणूस’ करून विनोदी हेल देणे टाळावे. संवाद आखूड असावेत : ‘खंय गावला ह्यां तुका?’ किंवा ‘बाय, तेका हात लावू नको.’ गावातील वडीलधारी माणसे शोधणारीला ‘बाय’ म्हणतील, ती त्यांना ‘काका’, ‘आजी’ म्हणेल, आणि गुरवाशी ती अहो-जाहोनेच बोलेल. गुरवाला खलनायक किंवा सर्वज्ञ करू नये. त्यालाही यातले अर्धेच ठाऊक असावे, तेही वडिलांकडून ऐकलेले. एखाद्या बाईवर चेटकाचा आळ घेऊन कथा सोडवणे तर कटाक्षाने टाळावे. अशा आळांनी खऱ्या माणसांचे आयुष्य उद्ध्वस्त झालेले आहे, आणि महाराष्ट्रात २०१३ पासून त्याविरुद्ध कायदा आहे.

नववी पायरी : शेवट आणि पुनर्लेखन

कथेचा शेवट कागदानेच करावा. काही महिन्यांनी रिळे संग्रहात जमा होतात आणि दुसऱ्याच व्यक्तीच्या हस्ताक्षरात नोंद होते : डबे पाच, स्थिती उत्तम, लांबी ४,०८२ फूट. ही वाढ म्हाताऱ्याची की शोधणारीची, हे सांगू नये. तिची नोकरी, तिचे टेबल, तिचा फोन यांचा उल्लेखही त्या शेवटच्या परिच्छेदात नसावा. अहवालाची भाषा रुक्ष ठेवावी आणि लांबीचा आकडा हाच शेवटचा शब्द असावा.

पहिला मसुदा झाला की त्यातील मृत्यू मोजावेत. अकरा माणसे मेली असली तरी प्रत्यक्ष वर्णन दोघांचेच असावे, एक धुराने गेलेला आणि एक वरवर पाहता म्हातारपणाने. बाकीचे यादीतील नावांपुढच्या रेघेतून कळावेत. त्यानंतर ‘भयाण’, ‘गूढ’, ‘थरकाप’, ‘अमानवी’ हे शब्द शोधून काढून टाकावेत, आणि ते काढल्यावर जो प्रसंग निर्जीव वाटेल तो नव्याने लिहावा, कारण त्याचा सगळा भार विशेषणांवर होता. मालवणी संवाद त्या भागात वाढलेल्या माणसाला मोठ्याने वाचायला द्यावेत; तो जिथे अडखळेल तिथे त्याने सहज म्हटलेले वाक्य उतरवून घ्यावे. फितीचा भाग शक्य झाल्यास जुन्या चित्रपटगृहात यंत्र चालवलेल्या एखाद्या गृहस्थाकडून तपासून घ्यावा. दिवाळी अंकासाठी कथा पाठवायची असेल तर हे सगळे पावसाळ्यातच उरकावे, कारण गणपतीनंतर बहुतेक संपादकांच्या हाती नव्या कथेसाठी पाने शिल्लक नसतात.